खाली पडलेला चिमटा आणि आपल्या प्रयोगशाळा

आजची पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. बारावीनंतर पोरापोरींना इंजिनीअरिंगला टाकायचा विचार करणारे पालक, कॉलेजात शिकवणारे मित्र आणि सरकारी दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या ताई, या तिघांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

"बायोमेडिकल इंजिनीअर म्हंजे डॉक्टर का इंजिनीअर?" अकोला-अमरावतीत हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. ईसीजी, व्हेंटिलेटर, बेबी वॉर्मर, डायलिसिसचं मशीन, सोनोग्राफी ही यंत्रं बनवणारा, तपासणारा आणि चालती ठेवणारा माणूस म्हणजे बायोमेडिकल इंजिनीअर. डॉक्टर पेशंटला पाहतो, हा पेशंटला लावलेल्या यंत्राला पाहतो. यंत्रानं चुकीचा आकडा दाखवला तर चांगला डॉक्टरही चुकीचं औषध देतो.

आता अशा माणसाला शिकवायचं कसं? फळ्यावर सर्किट काढून, की हातात स्क्रू ड्रायव्हर देऊन? कॉलेजातला प्रश्न वाटतो, पण त्याचं उत्तर चुकलं की माणसं मरतात. आपल्याकडे हे एकदा फार ठळकपणे घडून गेलंय. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

*आधी हात, मग वही*

१८५४ साली पुण्यात एक शाळा निघाली. नाव होतं 'पूना इंजिनीअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल'. आजचं सीओईपी ते हेच. सरकारला बांधकामांसाठी हाताखालची माणसं हवी होती, म्हणून ही शाळा. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झालं. तिथं गिरण्यांना लागणारी माणसं तयार व्हायची. म्हणजे आपल्याकडच्या तांत्रिक शिक्षणाची सुरुवातच कामापासून झाली.

वऱ्हाडात तेव्हा इंजिनीअरिंगचं कॉलेज नव्हतं, पण शिकणं थांबलं नव्हतं. कापसामुळे अकोला, अमरावती, खामगाव, कारंजा इथं जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. जिन विलायती, बॉयलर विलायती, वाफेचं इंजिन विलायती. ऐन हंगामात पट्टा तुटला किंवा रोलर घासला तर दुरुस्तीला साहेब बोटीनं येणार नव्हता. ते काम इथल्याच मिस्त्र्यांनी केलं. मिस्त्रीच्या हाताखाली हेल्पर, हेल्परचा पुढं फिटर, फिटरचा मिस्त्री. मी बातमीदारीत आलो तेव्हा अकोल्यातल्या एका म्हाताऱ्या फिटरनं मला एका वाक्यात शिक्षणशास्त्र सांगितलं होतं, "पाहून शिकत नाही पोट्टे, हात काळे झाले म्हंजे शिकते."

पण हात काळे करणं आणि हात स्वच्छ ठेवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. जिनमध्ये पहिली लागते. रोगजंतूंच्या प्रयोगशाळेत दुसरी लागते, आणि ती जास्त अवघड.

*एक खोली, एक कारकून, तीन शिपाई*

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. गाव सोडून शिवारात झोपड्या बांधून राहण्याच्या गोष्टी आपल्यातल्या कित्येकांनी आजी-आजोबांकडून ऐकल्यात, तोच हा प्लेग. लस शोधायला सरकारनं वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाला बोलावलं. मूळचा ओदेसाचा, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेला माणूस. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई.

तिथं त्यानं प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. पुढं प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली आणि लाखो डोस बाहेर पडू लागले. तीच आजची हाफकिन संस्था.

लस शोधली एकानं, पण ती बनवणारे हात शेकडो. प्रत्येक बाटली निर्जंतुक करायची, बूच नीट बसवायचं, उघडताना हवेतलं काही आत जाऊ द्यायचं नाही. हे ज्ञान वाचून येत नाही. बूच काढताना बाटली किती तिरपी धरायची, चिमटा ज्योतीतून कसा फिरवायचा, दोन बोटांत बूच धरून त्याच हातानं दुसरं काम कसं करायचं, ही सवय आहे. मायक्रोबायोलॉजीच्या पोरांना आजही पहिल्या महिन्यात हेच शिकवतात.

*३० ऑक्टोबर १९०२*

पंजाबातलं मुलकोवाल नावाचं गाव. लस टोचायचा कार्यक्रम. त्या दिवशी १०७ लोकांना लस दिली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे गेले. हे १९ जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटलीचा नंबर ५३-एन. बाकी बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काही झालं नाही.

चौकशी बसली. हाफकिननं लस बनवायच्या पद्धतीत थोडा बदल केला होता आणि त्यात कार्बोलिक आम्ल वगळलं होतं. समितीनं त्यावर बोट ठेवलं. लस मुंबईतच दूषित झाली असा ठपका आला आणि हाफकिनला कामावरून दूर केलं गेलं.

नंतर कागदपत्रं तपासली तेव्हा एक साधी गोष्ट समोर आली. बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो त्यानं उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात बुडवला आणि त्याच चिमट्यानं ५३-एनचं बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. नुसतं बुडवून ते मरत नाहीत, चिमटा ज्योतीवर तापवायला हवा होता. शिवाय बाटली उघडताना वास आला नव्हता. मुंबईतच जंतू शिरले असते तर इतक्या दिवसांत त्या द्रवाला घाण वास सुटला असता. मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणाऱ्या रोनाल्ड रॉसनं आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिनची बाजू मांडली. शेवटी तो निर्दोष ठरला. पाच वर्षं गेली. १९ माणसं तर परत येणारच नव्हती.

ही गोष्ट सांगताना बरेच जण हाफकिनवर झालेल्या अन्यायापाशी थांबतात. मला त्या मदतनिसाबद्दल विचारावंसं वाटतं. त्यानं चिमटा लपवून वापरला नाही, त्याला जे माहीत होतं ते केलं. पडलेला चिमटा औषधात बुडवला की झालं, एवढंच त्याच्या हाताला शिकवलेलं होतं. पडला तर काय करायचं, हे त्याच्याकडून दहा वेळा करून घेतलं असतं तर? सगळं नीट चालू असताना काय करायचं ते पुस्तकात असतं. चिमटा खाली पडल्यावरचं वागणं मात्र सरावानंच येतं, आणि सराव करायची जागा म्हणजे प्रयोगशाळा.

*फळ्यावरचा ईसीजी*

आता आपल्या काळात येऊ. स्वातंत्र्यानंतर इंजिनीअरिंगची कॉलेजं वाढली. नागपूरचं आजचं व्हीएनआयटी १९६० चं, अमरावतीचं सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज १९६४ चं. दवाखान्यात इलेक्ट्रॉनिक यंत्रं वाढत गेली तशी बायोमेडिकल ही वेगळी शाखा आली. आयआयटी मुंबईत १९८० च्या दशकात त्याचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, मग मुंबईतल्या कॉलेजांत पदवीचे वर्ग सुरू झाले.

या शाखेत हाताचं काम म्हणजे नेमकं काय, ते ईसीजीवरून सांगतो. हृदयाची वीज छातीवर येते तेव्हा ती साधारण एक मिलिव्होल्ट असते. भिंतीतल्या वायरीत २३० व्होल्ट धावत असतात, सेकंदाला ५० फेऱ्या. माणसाचं शरीर अँटेनासारखं ती वीज पकडतं. त्यामुळे विद्यार्थी पहिल्यांदा स्वतः ईसीजी सर्किट बांधतो तेव्हा पडद्यावर हृदय दिसत नाही, जाड काळी पट्टी दिसते. मग तो शोधत जातो. चामडी पुसली का? जेल सुकलं का? वायरी गुंडाळून ठेवल्यात की पसरून? उजव्या पायाचा इलेक्ट्रोड निसटला का? अर्थिंग आहे का? एकेक गोष्ट दुरुस्त करत गेलं की तीन तासांनी त्या गचाळ पट्टीतून ठोका वर येतो. ज्यानं ईसीजी शोधला त्या आइंथोव्हेनच्या काळात पेशंटला हातपाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून बसवावं लागायचं. त्वचेशी चांगला संपर्क हीच अडचण त्यालाही होती.

आणि अर्थिंग म्हणाल तर ते आपल्या वऱ्हाडातच शिकावं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, मे महिन्यात अर्थ असून नसल्यासारखा होतो. शेतातल्या मोटरवाल्याला हे ठाऊक आहे. शहरात चार वर्षं शिकून आलेल्या इंजिनीअरला ते कुणी हातानं मोजायला लावलं नसेल, तर तो दवाखान्यात येऊन कंपनीला फोन लावतो.

अजून एक उदाहरण घ्या. बेबी वॉर्मरमध्ये बाळाच्या अंगाला एक छोटा सेन्सर चिकटवतात. अंग गार झालं की हीटर वाढतो, गरम झालं की कमी होतो. सेन्सर सुटून गादीवर पडला तर? यंत्राला वाटतं बाळ गार आहे, ते तापत राहतं. हे वाक्य वाचायला पाच सेकंद लागतात. पण ज्या पोरीनं प्रयोगशाळेत मुद्दाम सेन्सर सोडून हीटर वाढताना पाहिलाय, अलार्म किती उशिरा वाजतो ते घड्याळ लावून मोजलंय, ती वॉर्डात शिरल्यावर आधी चिकटपट्टीकडे पाहील.

*डेडस्टॉकचं कुलूप*

मग अडतं कुठं? पुस्तकं चांगली आहेत, सिलॅबसमध्ये प्रॅक्टिकल आहे. अडतं कपाटात.

काही वर्षांपूर्वी बातमीसाठी मी आपल्या भागातल्या एका कॉलेजात गेलो होतो. नाव घेत नाही. प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात चांगलं मशीन, वर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरवर धूळ. सोबतच्या पोरानं कव्हर उचललं तर लॅब असिस्टंट ओरडले, "हात नोको लावू बाबू, डेडस्टॉकमध्ये आहे ते." त्यांचं चूक नव्हतं. वस्तू तुटली की रजिस्टरमध्ये नोंद, खुलासा, ऑडिटचा शेरा. न वापरता पंधरा वर्षं ठेवली तर कुणी विचारत नाही, शेवटी निर्लेखन करून भंगारात जाते. सरकारी हिशेबात न वापरलेलं यंत्र सुरक्षित आणि वापरून बिघडलेलं यंत्र गुन्हा. मग पोरं काय करतात? मागच्या वर्षीच्या जर्नलातून रीडिंग उतरवतात. एक्सटर्नल येतात, जर्नल पाहतात, दोन प्रश्न विचारतात, पंचविसापैकी बावीस.

असं शिकलेल्या हाताच्या भरवशावर आपण आपली बाळं ठेवतो.

*भंडारा*

९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. १७ बाळं होती. सात वाचली, दहा गेली. चौकशीत बोट गेलं ते बेबी वॉर्मरमधल्या शॉर्ट सर्किटकडे. मग जे होतं ते झालं. सिव्हिल सर्जन निलंबित, कंत्राटी परिचारिकांची सेवा समाप्त. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या अमरावतीत, डफरीनच्या नवजात कक्षात आग लागली. नशिबानं बाळं बाहेर काढता आली.

१९०२ आणि २०२१ शेजारी ठेवून पाहा. दुर्घटना, समिती, एखाद-दोन माणसांवर कारवाई. त्यांच्या हाताला कुणी काय शिकवलं होतं, त्या यंत्राची वायर शेवटची कुणी उघडून पाहिली होती, हे प्रश्न मात्र मागं राहतात.

प्रश्न एकट्या भंडाऱ्याचा नाही. २०१५ च्या सुमारास राष्ट्रीय आरोग्य अभियानानं देशभरातल्या सरकारी दवाखान्यांतली यंत्रं मोजली. २९,११५ ठिकाणी ७,५६,७५० यंत्रं, किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के यंत्रं बंद सापडली. त्यातून दुरुस्ती-देखभालीची योजना आली, बऱ्याच राज्यांनी ती बाहेरच्या कंपन्यांना दिली. ठीक आहे, पण कंपनीचा माणूस येईपर्यंत वॉर्ड थांबत नाही.

दुसरा आकडा याहून महत्त्वाचा. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रॉबर्ट माल्किन यांनी २०१० मध्ये एक अभ्यास छापला. ११ देशांतले ६० गरीब दवाखाने, बंद पडलेली २,५२९ यंत्रं. अट अशी की बाहेरून स्पेअर पार्ट मागवायचा नाही, गावात मिळेल त्यात दुरुस्त करायचं. काम करणारे इंजिनीअर आणि इंजिनीअरिंगचे विद्यार्थी. १,८२१ यंत्रं, म्हणजे ७२ टक्के, पुन्हा सुरू झाली. वीज, पाइप, मोटर, वीजपुरवठा, यांत्रिक काम आणि नीट वापरायला शिकवणं, एवढ्यातच जवळजवळ सगळं आलं. १०७ साध्या कौशल्यांत दोन तृतीयांश बंद यंत्रं मार्गी लागतात, हा त्यांचा निष्कर्ष. दुरुस्त झालेल्यांपैकी चौथा हिस्सा तर यंत्र नीट बसवणं आणि वापरायला शिकवणं एवढ्यानंच सुटला. आपल्याकडे मोटर बांधणाऱ्या पोराला यातलं अर्धं येतं!

*आपल्याच गावातली दुसरी बाजू*

नुसतं रडगाणं नको. हात तयार असले की काय होतं तेही इथंच घडलंय.

२०२० मध्ये कोरोना आला तेव्हा अमरावतीत सरकारी मेडिकल कॉलेज नव्हतं. ते थेट २०२४ मध्ये सुरू झालं. सुरुवातीला घशाचे नमुने बाहेरगावी जायचे आणि रिपोर्टची वाट पाहत घरंच्या घरं कोंडून बसायची. अकोल्यात मेडिकल कॉलेज असल्यानं तिथं प्रयोगशाळा उभी राहिली. आणि मे २०२० मध्ये अमरावतीत संत गाडगेबाबा विद्यापीठानं स्वतःच्या आवारात आरटी-पीसीआर तपासणी सुरू केली.

विद्यापीठाला हे जमलं ते पीसीआर मशीन विकत मिळतं म्हणून नव्हे. मायक्रोपिपेट हातात धरलेली माणसं तिथं होती म्हणून. या तपासणीत पाण्याच्या एका थेंबापेक्षाही कमी द्रव मोजून घालावा लागतो. पिपेटच्या बटणाला दोन टप्पे असतात. ओढताना अंगठा पहिल्या टप्प्यावर थांबला पाहिजे, सोडताना दुसऱ्यापर्यंत गेला पाहिजे. चुकला की माप चुकलं. टिप बदलायला विसरलं की एका पेशंटचा विषाणू दुसऱ्याच्या नळीत. तिथं चिमटा पडायची वेळ दिवसातून शंभर वेळा येते. ती सवय लॉकडाऊनमध्ये लावता आली नसती, आधीपासून लागलेली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट आधी आपल्याकडे आली आणि अमरावती-अचलपूर पुन्हा बंद झालं, तेव्हा हीच प्रयोगशाळा कामी आली.

यंत्र बनवण्याचंही असंच. गडचिरोलीत 'सर्च'च्या अभय आणि राणी बंग यांच्यापुढं अडचण होती की सुईणींना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखता यायला हवा, पण दहा-बाराच्या पुढं मोजता येत नाही. त्यांनी वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असलेलं साधं उपकरण केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनिया. वापरणाऱ्या बाईच्या हातापासून विचार सुरू केला की असं यंत्र सुचतं. २०१४ मध्ये आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांनी 'बेटिक' हे केंद्र राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान-तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीनं सुरू केलं, त्याची केंद्रं नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि पुण्याच्या सीओईपीत निघाली. डॉक्टर आणि इंजिनीअर एका टेबलावर बसवायचे, दवाखान्यातली खरी अडचण घ्यायची, नमुना बनवायचा, मोडला तर परत बनवायचा. १८५४ चं मेकॅनिकल स्कूल फिरून तिथंच आलं म्हणा ना.

*मग आपण काय मागायचं?*

इमारती मागू नका, त्या आहेत. अकोल्यात सरकारी मेडिकल कॉलेज आहे, अमरावतीत झालंय. दोन्ही शहरांत इंजिनीअरिंग कॉलेजं, पॉलिटेक्निक, आयटीआय आहेत. त्यांच्या मधली भिंत तेवढी पाडायची आहे. माझ्या मते चार गोष्टी.

एक, दवाखान्यांतली निर्लेखित यंत्रं भंगारवाल्याला देण्याआधी कॉलेजांना द्या. बंद व्हेंटिलेटर उघडून पाहणं हे सेमिस्टरभराच्या तासांपेक्षा जास्त शिकवतं. मात्र विद्यार्थ्यांनी उघडलेलं यंत्र पेशंटला परत लावायचं नाही, हा नियम पक्का.

दोन, शिकताना तुटलेल्या वस्तूंसाठी प्रयोगशाळेला वर्षाला ठरावीक रक्कम द्या, लॅब असिस्टंटच्या डोक्यावरची ऑडिटची तलवार काढा.

तीन, प्रॅक्टिकलच्या परीक्षेत जर्नलाचे मार्क कमी करा. मुद्दाम बिघडवलेलं यंत्र समोर ठेवा आणि सांगा, शोध.

चार, वॉर्डातल्या परिचारिकांनाही त्या प्रयोगशाळेत आणा. यंत्राशी रात्रभर त्याच बसतात, आणि उद्या काही झालं तर पहिला ठपकाही त्यांच्यावरच येतो.

यातलं काहीही कोट्यवधींचं नाही. लोकप्रतिनिधींनी, विद्यापीठानं आणि आरोग्य खात्यानं एकदा एकत्र बसायचं काम आहे. ज्यांची पोरं या शाखेत शिकतात त्यांनी आज रात्री जेवताना फक्त एवढं विचारा, या महिन्यात कोणतं यंत्र स्वतःच्या हातानं उघडलं? उत्तर काय आलं ते खाली कमेंटमध्ये लिहा. कॉलेजचं नाव लिहू नका, उत्तर लिहा. पुरेशी उत्तरं जमली की ती घेऊन मी दोन्ही जिल्ह्यांच्या कलेक्टर ऑफिसात जाणार आहे.